प्रस्तावना : रक्तरोध आणि दहन

मनुष्याच्या दोन्ही मूत्रपिंडांचे वजन मिळून जेमतेम ३०० ग्रॅम भरते, म्हणजे सर्व देहाच्या वजनाचा अर्धा टक्काही नाही. परंतु हृदयातून दर मिनिटाला जे पाच लिटरांच्या आसपास रक्त बाहेर पडते, त्यातला पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही थोडा अधिक या दोन अवयवांच्या वाट्याला जातो. मूत्रपिंडाला स्वतःच्या पोषणासाठी इतक्या रक्ताची मुळीच गरज नसते. ते रक्त तेथे येते ते शुद्ध होण्यासाठी; आणि दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळून त्यातला दीड-दोन लिटरांखेरीज सगळा देहाला परत करण्याचे जे अखंड काम या अवयवाकडे सोपविलेले आहे, ते एवढ्या रक्ताशिवाय व्हावयाचेच नाही. निसर्गाच्या या तजविजीमुळे आपण जगतो. आणि हीच तजवीज, मूत्रपिंडात गाठ उद्भवली व ती उष्णतेने नाहीशी करण्याचा संकल्प वैद्याने केला, की त्याच्या मार्गात सर्वांत मोठा अडथळा होऊन उभी राहते. हा अडथळा आणि त्याचा परिहार हाच प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. गाठीला रक्त पुरविणारी वाहिनी आधी आतून बंद करावयाची आणि मग त्या रक्तहीन झालेल्या गाठीत सुई घालून तिला उष्णतेने मारावयाचे, असा हा दुहेरी उपचार आहे. त्याची दोन्ही अंगे स्वतंत्रपणे जुनी आहेत. त्यांचा संयोग मात्र गेल्या पंचवीस वर्षांतला आहे, आणि त्याची योग्यता अद्याप पूर्णपणे ठरलेली नाही, म्हणूनच त्याचा परिचय उत्साहाने पण सावधपणे करून देणे मला अगत्याचे वाटते.

मूत्रपिंडावर शस्त्र चालविण्याचे धैर्य वैद्यकाला फार उशिरा आले. २ ऑगस्ट १८६९ रोजी हायडेलबर्ग येथे गुस्टाव्ह सिमॉन या जर्मन शस्त्रवैद्याने एका स्त्रीचे एक मूत्रपिंड योजनापूर्वक काढून टाकले, तेव्हा एकाच मूत्रपिंडावर माणूस जगू शकतो असा निर्वाळा देण्यासाठी त्याने आधी कुत्र्यांवर प्रयोग करून पुरावा गोळा केला होता. ती स्त्री वाचली, आणि वैद्यकाला एक नवे क्षेत्र खुले झाले. परंतु त्याच यशातून पुढे एक समजूतही दृढ झाली, ती अशी की, एक मूत्रपिंड पुरेसे असल्यामुळे दुसऱ्यात व्याधी दिसली तर ते काढून टाकण्यास फारसा विचार करण्याचे कारण नाही. कॅनडातील रॉबसन यांनी १९६०च्या दशकात कर्करोगग्रस्त मूत्रपिंड भोवतालच्या चरबीसह व आवरणासह समूळ काढण्याची जी पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने मांडली, ती पुढची कित्येक वर्षे जगभर प्रमाण मानली गेली. मी स्वतः त्याच संप्रदायात वाढलेला शस्त्रवैद्य आहे, आणि त्या शस्त्रक्रियेने ज्या असंख्य रुग्णांना आयुष्य मिळाले त्यांच्यासाठी मला तिचा अभिमान आजही वाटतो. मोठी गाठ, शेजारच्या नीलेत शिरलेली गाठ, सबंध मूत्रपिंड व्यापून टाकणारी गाठ, यांना आजही तोच मार्ग आहे, आणि या पुस्तकातील एकही पान त्याविरुद्ध लिहिलेले नाही.

बदलले ते रुग्णाचे स्वरूप. पूर्वी मूत्रपिंडाचा कर्करोग ओळखण्याची तीन लक्षणे विद्यार्थ्यांना मुखोद्गत असत : लघवीतून रक्त जाणे, कुशीत दुखणे आणि पोटावर हात ठेवला असता गोळा हाताला लागणे. ही तिन्ही एकत्र दिसेपर्यंत बहुधा वेळ टळून गेलेली असे. आज असा रुग्ण दहांत एकही भेटत नाही. कारण पित्ताशयातील खडे पाहण्यासाठी, प्रोस्टेटसाठी किंवा नुसत्या वार्षिक तपासणीसाठी केलेल्या सोनोग्राफीत अडीच-तीन सेंटिमीटरांची एक गाठ अचानक नजरेस पडते, आणि ज्याला काहीही होत नव्हते असा साठी-सत्तरीचा गृहस्थ एका कागदाच्या भेंडोळ्यासह वैद्याच्या दारी येतो. चार सेंटिमीटरांपर्यंतच्या अशा गाठींपैकी सुमारे पाचवा हिस्सा निरुपद्रवी निघतो, आणि उरलेल्यांपैकीही पुष्कळ मंद गतीने वाढतात. दुसरीकडे, या गृहस्थाला मधुमेह असतो, रक्तदाब असतो, क्रिएटिनिनचा आकडा आधीच सीमेवर असतो. म्हणजे ज्या दुसऱ्या मूत्रपिंडाच्या भरवशावर पहिले काढावयाचे, तेही पूर्ण निरोगी नसते. अशा माणसाचे सबंध मूत्रपिंड तीन सेंटिमीटरांच्या गाठीपायी काढणे आणि काही वर्षांनी त्याला डायलिसिसच्या दारात उभे करणे, हा उपचार म्हणावयास मन धजत नाही. म्हणून गाठ तेवढी काढावी आणि मूत्रपिंड राखावे, असे शस्त्रवैद्यांनीच प्रथम ठरविले. परंतु त्या शस्त्रक्रियेतही मूत्रपिंडाची मुख्य रोहिणी चिमट्याने काही काळ रोखावी लागते, आणि हा काळ वीस-पंचवीस मिनिटांपलीकडे लांबला तर निरोगी भागालाही इजा पोहोचू लागते; शिवाय भूल, रक्तस्राव आणि हृदयावर पडणारा भार हे सर्व असतेच. ज्यांना हा भार पेलवत नाही, ज्यांना एकच मूत्रपिंड उरले आहे, किंवा फॉन हिप्पेल–लिंडाऊ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आनुवंशिक व्याधीमुळे ज्यांच्या दोन्ही मूत्रपिंडांत आयुष्यभर नव्या नव्या गाठी येत राहतात, त्यांच्यासाठी सुईचा मार्ग निर्माण झाला.

अग्नीने व्याधी जाळण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्मासाठी एक सबंध अध्याय दिलेला आहे, आणि रक्तस्राव थांबविण्याचे जे चार उपाय सुश्रुताने सांगितले आहेत त्यांत दहन हा शेवटचा, म्हणजे बाकीचे तीन विफल झाल्यावर योजावयाचा आहे. प्राचीनांना आजचे तंत्र ठाऊक होते असा दावा मी करीत नाही, आणि कोणी करू नये. परंतु एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते : सुश्रुताने रक्त थांबविण्यासाठी अग्नीची योजना केली, प्रस्तुत उपचारात अग्नीला काम करता यावे म्हणून आधी रक्त थांबवावे लागते. क्रम उलटा झाला, आणि तो उलटा का झाला हे समजणे म्हणजेच या विषयाचे मर्म समजणे होय.

पॅरिसमध्ये द'आर्सोन्व्हाल यांनी १८९१ साली असे दाखविले की, सेकंदाला १०,००० हून अधिक वेळा दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह देहातून गेला तर स्नायूंना झटके बसत नाहीत. या शोधावर पुढे शस्त्रवैद्यांचे विद्युत्-दाहक उपकरण उभे राहिले, आणि एका शतकाने, १९९० साली, इटलीत रॉसी यांनी व अमेरिकेत मॅगहन यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे असा प्रयोग केला की, त्वचेतून यकृतात सरळ एक बारीक सुई घालावी, टोकाखेरीज ती सर्व आच्छादित ठेवावी, आणि त्या टोकातून असा प्रवाह सोडावा. यालाच रेडिओफ्रिक्वेन्सी ॲब्लेशन म्हणतात. येथे सुई स्वतः तापत नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. सेकंदाला सुमारे पाच लाख वेळा दिशा बदलणाऱ्या प्रवाहामुळे टोकाभोवतालच्या पेशींतील विद्युत्भारित कण मागेपुढे हेलकावतात, त्या घर्षणाने ऊतकच तापते, आणि ती उष्णता मग बाहेरच्या बाजूस पसरत जाते. ५० अंशांवर पेशी काही मिनिटांत मरतात. ६० अंशांवर त्यांतील प्रथिने तत्काळ गोठतात. परंतु तपमान १०० अंशांपलीकडे गेले की पाण्याची वाफ होते, ऊतक करपते, आणि करपलेला भाग विद्युत्प्रवाहाला अडवून धरतो, त्यामुळे उष्णता पुढे जाण्याचेच थांबते. म्हणजे सुईच्या टोकाशी शंभराच्या खाली आणि गाठीच्या कडेशी साठाच्या वर, एवढ्याच मर्यादेत वैद्याला सर्व व्यवहार करावा लागतो. त्यातही गाठीच्या कडेवर थांबून चालत नाही. कडेपलीकडची अर्धा ते एक सेंटिमीटर निरोगी किनारही जाळावी लागते, कारण डोळ्यांना दिसणारी कड आणि पेशींची खरी कड एक नसतात. तीन सेंटिमीटरांच्या गाठीसाठी चार-पाच सेंटिमीटरांचा गोल तापवावयाचा. आणि व्यास दुप्पट झाला की घनफळ आठपट होते, हा भूमितीचा नियम येथे फार कठोरपणे लागू होतो.

आता रक्ताची बाब. १९४८ साली अमेरिकेत हॅरी पेनेस यांनी माणसाच्या कोपरापुढच्या हातात अतिशय बारीक तापमापक तार आरपार ओढून आतल्या प्रत्येक थरातले तपमान मोजले, आणि त्यावरून जे समीकरण मांडले ते आजही या शास्त्राचा पाया आहे. त्याचा आशय असा की, ऊतकातून वाहणारे रक्त जितके अधिक, आणि ऊतक व रक्त यांच्या तपमानातील अंतर जितके अधिक, तितकी उष्णता ते रक्त आपल्याबरोबर वाहून नेते. म्हणजे आपण गाठ जितकी अधिक तापवावी, तितके ३७ अंशांचे ताजे रक्त तिला अधिक जोराने थंड करते. तीन मिलिमीटरांहून मोठी वाहिनी शेजारून जात असली तर तिच्या कडेला लागून असलेल्या पेशींचा एक पातळ थर जिवंत राहतो, आणि पुढे सहा महिन्यांनी, वर्षाने, व्याधी नेमकी तेथूनच परत डोके वर काढते. यकृताच्या बाबतीत ही अडचण ओळखून प्रयोगकर्त्यांनी ग्लासगोच्या प्रिंगल यांनी १९०८ साली रक्तस्रावासाठी सुचविलेली युक्ती, म्हणजे यकृताकडे जाणाऱ्या वाहिन्या तात्पुरत्या दाबून धरण्याची, दहनाच्या वेळी योजून पाहिली, आणि जळालेला गोल लक्षणीयरीत्या मोठा झाला. मूत्रपिंडातून वाहणारे रक्त तर वजनाच्या प्रमाणात यकृताहून कितीतरी अधिक. त्यात मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा स्वभाव या अडचणीत भर घालणारा.

या स्वभावाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण गेल्या अर्धशतकातील वैद्यकाचा एक अत्यंत सुंदर शोध त्याच्याशी निगडित आहे. मूत्रपिंडाच्या दर चार कर्करोगांपैकी सुमारे तीन ज्या प्रकारचे असतात, त्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली आत काहीच नसल्यासारख्या स्वच्छ दिसतात. यांतील बहुसंख्य गाठींत तिसऱ्या गुणसूत्रावरचे एक जनुक नादुरुस्त झालेले असते. १९९३ साली ते ओळखले गेले, ते वर सांगितलेल्या आनुवंशिक व्याधीचा शोध घेता घेता. या जनुकाचे काम असे की, प्राणवायू पुरेसा असताना प्राणवायूच्या टंचाईची सूचना देणारे प्रथिन नष्ट करीत राहावे. जनुक बिघडले की सूचना थांबत नाही. पेशी रक्ताच्या सुकाळात असूनही टंचाईचाच पुकारा करीत राहतात, आणि त्या पुकाऱ्याला ओ देऊन नव्या नव्या वाहिन्या गाठीत शिरत राहतात. पेशींना प्राणवायूची जाणीव कशी होते याचा उलगडा करणारे केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्या उलगड्यात या जनुकाच्या अभ्यासाचा वाटा फार मोठा होता. म्हणजे ज्या अवयवाला मुळातच इतके अधिक रक्त, त्या अवयवात देहाची फसवणूक करून आणखी रक्त मागविणारी गाठ : उष्णतेच्या उपचाराला याहून प्रतिकूल भूमी क्वचितच असेल.

आणि तरीही या प्रतिकूलतेतच उपायाचे बीज आहे, कारण जे रक्तावर इतके अवलंबून आहे ते रक्त तोडले की तितकेच असहाय होते. स्टॉकहोमच्या सेल्डिंगर यांनी १९५३ साली सुईच्या जागी तार आणि तारेवरून नळी सरकवून रोहिणीत शिरण्याची जी साधी रीत प्रसिद्ध केली, तिच्यामुळे देहातील कोणत्याही रोहिणीपर्यंत चिरफाड न करता पोहोचणे शक्य झाले. आणि वीस वर्षांनी, १९७३ साली, स्वीडनमध्येच आल्मगार्ड व त्यांचे सहकारी यांनी मूत्रपिंडाच्या कर्करोगात त्याची रोहिणी अशा नळीतून बंद करून दाखविली. आरंभी हा उपाय मुख्य रोहिणीवरच होई, बहुधा शस्त्रक्रियेपूर्वी रक्तस्राव कमी व्हावा म्हणून, किंवा गाठ काढण्याजोगी उरली नसताना वेदना व रक्त थांबावे म्हणून. सबंध मूत्रपिंड असे एकदम मारले की रुग्णाला काही दिवस ताप, कुशीत तीव्र वेदना आणि मळमळ सोसावी लागे. परंतु मूत्रपिंडाची रचना अशी आहे की, त्याची रोहिणी आत शिरताना ज्या पाच शाखांत विभागते त्या शाखा एकमेकींना जोडलेल्या नसतात. प्रत्येक शाखा आपापल्या खंडाला रक्त पुरविते आणि दुसरीच्या खंडात कुमक पाठवीत नाही. पाटाचे पाणी चालू ठेवून शेतकरी ज्याप्रमाणे एकाच वाफ्याचे दारे बांधून टाकतो, त्याप्रमाणे नळी पुरेशी बारीक असेल तर गाठीच्याच शाखेचा बंदोबस्त करून बाकीचे मूत्रपिंड वाहते ठेवता येते. यात जोखीमही तितकीच आहे : चुकीची शाखा बंद झाली तर तिचा खंड वाचविणारे दुसरे कोणी नाही.

प्रत्यक्ष कृती कशी होते, याची कल्पना सामान्य वाचकालाही यावी. कॅथलॅबमध्ये रुग्ण उताणा पडलेला असतो, जागा असतो. जांघेत किंवा अलीकडे पुष्कळदा मनगटात तेवढी जागा बधिर केलेली असते. तेथून आत शिरलेली नळी महारोहिणीतून मूत्रपिंडाच्या मुखाशी येते, आणि रंगद्रव्य सोडताच पडद्यावर क्षणभर सबंध अवयवाच्या वाहिन्यांचे झाड उमटते. निरोगी भागातल्या शाखा सुसूत्रपणे निमुळत्या होत जातात; गाठीतल्या वाहिन्या वेड्यावाकड्या, गुंतलेल्या, मध्येच फुगलेल्या असतात, आणि शाखा विरून गेल्यावरही तो भाग काही क्षण डागासारखा काळा राहतो. त्या डागाला जाणारी शाखा हुडकून एक मिलिमीटरहून कमी जाडीचा मायक्रोकॅथेटर तिच्यात सरकविला जातो. पुष्कळांच्या बाबतीत मूत्रपिंडाला एकाहून अधिक रोहिण्या असतात, आणि काही गाठी भोवतालच्या आवरणातूनही रक्त चोरून घेतात. तेव्हा एक वाट बंद केली म्हणजे काम झाले असे मानणारा वैद्य येथे फसतो. मग अतिसूक्ष्म कण, किंवा खसखशीच्या तेलापासून केलेले आयोडीनयुक्त लिपिओडॉल व मद्यार्क यांचे मिश्रण, किंवा प्लॅटिनमची गुंडाळी, ज्याला जे योग्य ते, थेंबाथेंबाने सोडले जाते, आणि मधूनमधून रंगद्रव्य घालून पाहिले जाते. प्रवाह थबकतो, डाग उमटत नाहीसा होतो, शेजारच्या शाखा पूर्वीसारख्या वाहत असतात : तेथे हात थांबवावयाचा. लिपिओडॉलचा एक जास्तीचा गुण असा की, ते गाठीत मुरून राहते आणि नंतरच्या सी.टी. चित्रात गाठ पांढरी शुभ्र दिसते. जी गाठ मूत्रपिंडाच्या आत दडलेली असते आणि साध्या चित्रात भोवतालच्या ऊतकापासून वेगळी ओळखू येत नाही, तिच्यात सुई नेमकी नेण्यास हा पांढरेपणा फार उपयोगी पडतो.

दहन त्याच दिवशी किंवा काही दिवसांनी होते. येथे रुग्ण कुशीवर किंवा पालथा असतो, भूल दिलेली असते, आणि सी.टी.च्या चौकटीत सुई थोडी थोडी पुढे जाते. मोठे आतडे मूत्रपिंडाला लागून असेल तर त्या दोहोंच्या मध्ये बारीक सुईने पाणी सोडून आतडे बाजूला सारतात. ते पाणी मिठाचे नसावे, साखरेचे असावे लागते, कारण मिठाच्या पाण्यातून वीज वाहते आणि जे वाचवावयाचे तेच तापते. गाठ मूत्रवाहिनीजवळ असेल तर खालून नळी घालून थंडगार साखरपाणी सतत फिरवीत ठेवतात, म्हणजे वाहिनीची भिंत जळून पुढे ती आक्रसत नाही. यंत्रावर ऊतकाचा विरोध वाढत चालल्याचे दिसले की शक्ती कमी करावयाची, पुन्हा वाढवावयाची. एका जागेचे काम झाले की सुई हलवून दुसऱ्या जागी, मागच्या गोलावर नवा गोल चढेल अशी. आणि शेवटी सुई बाहेर काढताना तिची वाटही जाळीत यावयाचे, म्हणजे त्या वाटेने रक्तही वाहू नये आणि गाठीच्या पेशीही मागे राहू नयेत. आधी रक्तरोध केलेला असल्यामुळे येथे दोन लाभ मिळतात : उष्णता टिकते, आणि सुईमुळे होणारा रक्तस्राव फार कमी होतो.

या संयोगाचा इतिहास अल्प आहे. मूत्रपिंडाच्या गाठीवर रेडिओफ्रिक्वेन्सीचा पहिला प्रयोग ब्रसेल्समध्ये झ्लोट्टा व सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केला. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधून १९९९ साली मॅकगव्हर्न प्रभृतींनी त्वचेतून केलेल्या अशा उपचाराचा वृत्तांत दिला. आणि २००० साली कॅलिफोर्नियातून एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध झाली, जिच्यात गाठीची वाहिनी आधी बंद करून मग दहन केले होते. त्या लेखकांत १९९० सालच्या प्रयोगातील मॅगहन हेही होते. यकृतात ज्या अडचणीची ओळख झाली तिचा पाठपुरावा त्यांनी मूत्रपिंडापर्यंत केला, ही चिकाटी मला वंदनीय वाटते. २००६ साली जपानच्या मिए विद्यापीठातील यामाकाडो व सहकाऱ्यांनी साडेतीन सेंटिमीटरांहून मोठ्या आणि शस्त्रक्रियेस अयोग्य ठरलेल्या गाठींवरचा आपला अनुभव मांडला, आणि तेव्हापासून हा उपचार नुसत्या कुतूहलाचा विषय राहिला नाही.

परंतु या सर्व अनुभवांची जात एकच आहे, हे वाचकापासून लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते एकेका रुग्णालयाच्या दप्तरातून मागाहून काढलेले वृत्तांत आहेत. रुग्णांची संख्या थोडी, आणि ज्यांना नुसते दहन दिले व ज्यांना दोन्ही दिले ते मुळात सारखे नव्हते. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करावेत आणि कोणाचा लाभ किती हे वर्षानुवर्षे मोजावे, अशा मोठ्या परीक्षेचा आधार या संयोगाला अद्याप मिळालेला नाही. तीन सेंटिमीटरांच्या आतील, मूत्रपिंडाच्या बाहेर डोकावणाऱ्या गाठीला तर रक्तरोधाची गरजच बहुधा नसते, कारण भोवतालची चरबी तेथे उष्णता आपोआप धरून ठेवते आणि नुसत्या दहनानेच काम भागते. तेथे दुसरी कृती जोडणे म्हणजे रुग्णाला विनाकारण रंगद्रव्य, किरण आणि खर्च यांच्या हवाली करणे होय. सूक्ष्मलहरींनी ऊतक तापविणारी नवी उपकरणे रक्ताच्या थंडाव्याला रेडिओफ्रिक्वेन्सीपेक्षा कमी बधतात, त्यामुळे रक्तरोधाचे क्षेत्र पुढे आणखी आकुंचित होईल असेही काहींचे म्हणणे आहे. मला ते अंशतःच पटते, कारण रक्तस्राव रोखणे आणि गाठ दिसू लागणे हे लाभ उपकरण बदलले तरी उरतातच. ज्याचे मूत्रपिंड आधीच थकलेले आहे त्याला रंगद्रव्याचाही भार होतो, हे तर नेहमीच हिशेबात धरावे लागते.

या सगळ्याचा विचार करून माझे मत असे बनले आहे की, हा दुहेरी उपचार तीन ते पाच सेंटिमीटरांच्या, मूत्रपिंडाच्या गाभ्याकडे झुकलेल्या किंवा अतिशय रक्ताळ अशा गाठीसाठी, आणि शस्त्रक्रिया ज्याला झेपणार नाही किंवा ज्याला एकच मूत्रपिंड आहे अशा रुग्णासाठी, मनःपूर्वक शिफारस करण्याजोगा आहे. धडधाकट, तरुण रुग्णाच्या बाबतीत मूत्रपिंड राखून गाठ काढणाऱ्या शस्त्रक्रियेची जागा तो घेऊ शकत नाही. आणि ऐंशीच्या घरातल्या, अनेक व्याधींनी जर्जर माणसाच्या दोन सेंटिमीटरांच्या मंद गाठीला काहीही न करता सहा-सहा महिन्यांनी नुसते पाहत राहणे हाही एक सुविचारित निर्णय असतो. त्याला हयगय म्हणू नये. हा निर्णय युरॉलॉजिस्ट, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आणि मूत्रपिंडतज्ज्ञ यांनी एकत्र बसून घ्यावयाचा असतो, आणि ज्या रुग्णालयात ही मंडळी एकत्र बसत नाहीत तेथे यंत्रे कितीही उत्तम असली तरी मी आपल्या माणसाला पाठविणार नाही.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर सोनोग्राफीचे यंत्र आता तालुक्याच्या गावी पोहोचले आहे. गाठ सापडते ती तेथे. उपचाराची साधने व तो करणारे हात मात्र मोठ्या शहरांतच एकवटलेले आहेत. या अंतराचा परिणाम असा होतो की, रुग्ण एकदा मोठ्या शहरात येतो, उपचार घेतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी चालत घरी जातो, पोटावर टाका नाही, व्रण नाही, आणि म्हणून पुन्हा येत नाही. शस्त्रक्रियेत गाठ बाहेर येते आणि तिची कड सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येते. येथे मेलेली गाठ जागेवरच राहते, आणि ती सबंध मेली की नाही याची रुजवात करण्याचा एकच मार्ग म्हणजे रंगद्रव्य देऊन काढलेले पुढचे चित्र. त्या चित्रात गाठीचा कोणताही कोपरा उजळला तर तेथे रक्त पोहोचते आहे, म्हणजे तेथे व्याधी जिवंत आहे. आणि अशा कोपऱ्यावर वेळीच दुसऱ्यांदा सुई चालविली तर तो बहुधा काबूत येतो. या पुस्तकातील शेवटची दोन प्रकरणे केवळ या पाठपुराव्याविषयी आहेत, आणि वाचकाने, विशेषतः रुग्णाच्या नातेवाइकाने, पहिली प्रकरणे कठीण वाटल्यास ती सोडून द्यावीत पण ही दोन अवश्य वाचावीत, असे मी आग्रहाने सुचवितो.

ज्यांच्या घरात अशी गाठ निघाली आहे त्यांना माझे सांगणे एवढेच : उपचाराला संमती देण्यापूर्वी बायोप्सी झाली आहे काय, आणि नसल्यास का नाही, हे विचारा; रक्तरोध आपल्याच रुग्णाला कशासाठी हवा आहे, हे वैद्याकडून चित्र समोर ठेवून समजून घ्या; आणि उपचारानंतर तीन, सहा व बारा महिन्यांनी, आणि पुढे निदान पाच वर्षे दरसाल, वैद्य सांगेल त्या तारखेला तपासणीसाठी परत या, मग रुग्णाला काहीही होत नसले तरी.